एकतीस ओळींचं सॉरी

आमच्या खालच्या फ्लॅटची गॅलरी नऊ पावलांची आहे. मी ती टेपने कधी मोजली नाही, ऐकून मोजली. सकाळी सहाला मणचेकर सर चालायला लागत. नऊ पावलं, वळण, पुन्हा नऊ पावलं. त्यांच्या डाव्या चपलेचा अंगठा सैल होता, म्हणून एकाआड एक पावलाला फट्ट असा आवाज यायचा. माझी दाढी होईपर्यंत साधारण चाळीस फेऱ्या होत. बायको म्हणायची, "अहो, त्यांना बसायला सांगा ना कुणीतरी."

सांगून पाहिलं होतं. सर म्हणाले होते, "देवरे, मी बसलो की माझं डोकं उभं राहतं. त्यापेक्षा हे बरं."

आता त्या गॅलरीत दुसऱ्या भाडेकरूंचं वॉशिंग मशीन आहे. तरी सहाला मला जाग येते आणि मी उगीच ऐकत पडतो.

सर मूळचे देवगडकडचे. सिल्वासाला सरकारी मराठी शाळेत इंग्रजीचे शिक्षक म्हणून तरुणपणी आले आणि निवृत्तीनंतरही इथंच, सिल्वासाच्या आमली भागात राहिले. त्यांच्या पत्नी आधीच वारल्या होत्या, मुलगा पुण्याला. मी धुळ्याकडचा, राखोलीला बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी विभागात एकोणीस वर्षं आहे. कोणत्या झाकणात किती दशांश मिलिमीटर फरक चालतो, हे ठरवणं माझं काम. सरांना हे आवडायचं. ते म्हणत, "तुम्ही झाकणं तपासता, मी शब्द. दोन्ही नीट बसली नाहीत की गळतं."

त्यांच्या हाताला, पायाला, नजरेला स्वस्थपणा नव्हता. आमच्याकडे चहा खुर्चीत सुरू करत आणि दाराच्या चौकटीत संपवत. बाहेर पडताना कुलूप लावून सहा पायऱ्या उतरत, परत वर येऊन कुलूप ओढून बघत. असं तीनदा. दोनदा नाही, चारदा नाही. खांद्याला पिशवी, पिशवीत शाळेच्या जुन्या पडद्याच्या कापडात शिवलेली डिक्शनरी. भाजीबाजारातही ती बरोबर असायची. भेंडी निवडता निवडता काही आठवलं की पिशवी गुडघ्यावर टेकवून, एका पायावर उभं राहून पान शोधत. भाजीवाली म्हणायची, "काका, वजन करू के वांचो छो?" वजन करू की वाचताय?

त्यांना सगळेच शब्द प्रिय होते, पण एका शब्दावर त्यांचा विशेष राग होता. सॉरी.

आमच्या इमारतीखाली किराणा दुकान आहे. एकदा त्या दुकानदाराने स्कूटर मागे घेताना सरांच्या पायाला धडकवली. चांगली जोरात. दुकानदार घाबरला. "सॉरी सॉरी सर, सॉरी!"

सरांनी पाय झटकला आणि अगदी काळजीच्या स्वरात त्याला विचारलं, "कुठे दुखतंय?"

"मने? मने तो कंई नथी थयुं. वाग्युं तो तमने छे!" मला कशाला, लागलंय तुम्हाला.

"मग सॉरी मी म्हणायला हवं. तुम्ही का म्हणताय?"

तो बिचारा स्कूटर धरून तसाच उभा. पुढे महिनाभर तो मला विचारायचा, "देवरेभाई, सरनुं मगज तो बराबर छे ने?"

डोकं ठीक होतं. "कुठे दुखतंय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. वर्गात उशिरा आलेल्याला, फोनवर चुकून लागलेल्या माणसाला, बँकेत सर्व्हर बंद आहे सांगणाऱ्या मुलीला, सगळ्यांना. माझ्या मुलीलाही. ती चिडून म्हणाली, "पप्पा, सॉरी हा नुसता शब्द आहे. त्यात एवढं काय?" मी वाद घालत नाही, मोजतो. एका रविवारी आमच्या घरात सॉरी किती वेळा म्हटलं जातं ते कॅलेंडरच्या मागे रेघा ओढून लिहिलं. तेवीस वेळा. त्यात खरोखर कुणाला काही वाटलं होतं अशा वेळा दोन. एक बायकोची, एक माझी. मी कागद सरांना दाखवला. त्यांनी तो डिक्शनरीत ठेवून दिला. कुठल्या पानावर, ते सांगायला नकोच.

माझे वडील गेले तेव्हा आमच्या कंपनीतला एक तरुण इंजिनियर घरी आला आणि इंग्रजीत म्हणाला की तो सॉरी आहे. तो गेल्यावर आई म्हणाली, "त्या पोराने काय केलं? तो कशाला माफी मागतो?" सर दारात उभे होते. आत येऊन, चालत चालतच त्यांनी आईला समजावलं. ते मला जवळजवळ शब्दशः आठवतं.

"आई, त्याने माफी नाही मागितली. तो म्हणाला, मला दुखतंय. सॉरीचा मूळ अर्थ तेवढाच आहे. जुन्या इंग्रजीत जखमेला, ठणक्याला जो शब्द होता, त्याच्या पोटी सॉरी जन्मला. सोअर म्हणजे दुखरं, तो त्याचाच सख्खा भाऊ. लोकांना वाटतं, सॉरो म्हणजे दुःख, त्यावरून सॉरी आला. नाही. त्यांची घराणी वेगळी. पण शेकडो वर्षं शेजारी राहिले, तोंडवळा सारखा झाला. आता हे देवरे तुमच्या खानदेशातले आणि मी कोकणातला, पण दुकानदार आम्हाला चुलतभाऊ समजतो. तसं."

आई म्हणाली, "मग आपल्यात काय म्हणतात?"

"आपण 'चुकलो' म्हणतो, त्यात कबुली आहे. 'माफ करा' म्हणतो, त्यात समोरच्याला काम आहे. सॉरीत दोन्ही नाही. फक्त, मला दुखतंय. म्हणून तो म्हणण्याआधी दुखायला लागतं."

आईने खुर्ची पुढे सरकवली. मग म्हणाली, "बसा हो गुरुजी जरा." ते बसले नाहीत.

संध्याकाळी सरांच्या हॉलमध्ये वर्ग भरायचा. राखोली, सामरवरणीच्या कंपन्यांतले सात-आठ ऑपरेटर येत. बहुतेक धुळे, नंदुरबार, जळगावकडचे. मशीनच्या पडद्यावरची अक्षरं वाचता यावीत, फॉर्म भरता यावा, एवढंच त्यांना हवं होतं. फी नव्हती. ते सतरंजीवर बसत, सर त्यांच्याभोवती फिरत. त्यात रोहिदास नावाचा साक्रीकडचा एक जण होता. चौतिशीचा, माझ्याच कंपनीतला. बायको आणि सात वर्षांची मुलगी गावाला. इंग्रजी वाक्य तो कोयत्याने ऊस तोडावा तसं जोर लावून लिहायचा आणि मग घाम पुसायचा. सर मला म्हणत, "सर्वांत हळू आहे, पण थुंकी लावून पान उलटत नाही. हा शिकेल."

आता जे झालं ते सांगतो. यात मीही थोडा आहे, तेवढाच.

दुसऱ्या पाळीत, संध्याकाळी, रोहिदासच्या मशीनच्या हीटरचं तापमान खाली गेलं आणि झाकणांचा मोठा लॉट वाकडा निघाला. रिजेक्शनचा आकडा मीच लिहिला. जेवढा होता तेवढाच लिहिला. अशा वेळी आमच्याकडची पद्धत ठरलेली. टाइम ऑफिसवाला, म्हणजे हजेरीचा कारकून, म्हणतो, "सॉरी लेटर लिख के ला, कल से ड्यूटी." सॉरी लेटर दोन ओळींचं असतं: चूक झाली, पुन्हा होणार नाही. त्याचा फोटो प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये असतो. बघून उतरवायचं, तारीख आणि तिकीट नंबर बदलायचा. साहेबाला फाईलला कागद हवा असतो, कामगाराला गेट हवं असतं. एकोणीस वर्षांत मी अशी पत्रं ढिगाने पाहिली. एकही कुणी वाचताना पाहिलं नाही.

रोहिदास पत्र घेऊन आधी सरांकडे आला. स्पेलिंग तपासायला.

मी तेव्हा तिथं होतो. सरांनी दोन ओळी वाचल्या आणि विचारलं, "कुठे दुखतंय?"

बाकीचे हसले. रोहिदास हसला नाही. म्हणाला, "खरं सांगू का सर? दुखतंय. माझी पोर पहिल्यांदा आख्खा धडा वाचून दाखवत होती फोनवर. मशीनजवळ फोन चालत नाही, मला माहीत आहे. पण तिचा आवाज ऐकला आणि मी कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो. अकरा मिनिटं. फोनवर वेळ दिसते ना. तेवढ्यात हीटर गेला."

सर चालायचे थांबले. त्यांचा चेहरा असा उजळलेला मी आधी पाहिला नव्हता. "मग हे लिही," ते म्हणाले. "हेच. हे खरं सॉरी आहे. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वर्गात कुणीतरी हा शब्द मिळवलाय."

दीड तास लागला. सर प्रश्न विचारत, रोहिदास उत्तर इंग्रजीत लिहीत. किती वाजता, कुठे उभा होतो, फोन कुणाचा, मशीनचा पडदा किती वेळ पाहिला नाही. पत्र एकतीस ओळींचं झालं. मी मोजल्या. एकही चूक नव्हती.

मी म्हणालो, "सर, दोन ओळी पुरतात. फोनचं लिहू नका."

"दोन ओळींत दुखत नाही, देवरे."

"ऑफिसला दुखणं नको असतं, सर. कागद हवा असतो."

"तुम्ही झाकण नापास करता तेव्हा अर्धंच मोजता का?"

रोहिदास एकदा माझ्याकडे, एकदा सरांकडे बघत होता. मी दुसऱ्यांदा बोलायला हवं होतं. नाही बोललो.

ते पत्र वाचलं गेलं. एवढं लांब होतं म्हणूनच वाचलं गेलं. मशीन चालू असताना फोनवर होतो, ही कबुली स्वतःच्या हस्ताक्षरात, मिनिटांसह. चौथ्या दिवशी रोहिदासचं गेट बंद झालं, नोकरी गेली. त्याच महिन्यात दुसऱ्या एका मशीनवर त्याहून मोठा लॉट वाया गेला होता. त्या ऑपरेटरने दोन ओळी उतरवल्या होत्या. तो आजही कामावर आहे.

सर कंपनीच्या गेटवर गेले. सकाळी नऊपासून दुपारी एकपर्यंत. आत कुणी बोलावलं नाही. मी जेवणाच्या सुट्टीत बाहेर आलो तर ते कुंपणाच्या कडेने उन्हात फेऱ्या घालत होते आणि सिक्युरिटीवाला विनवत होता, "अंकल, बैठ जाओ ना, मेरे को टेन्शन होता है."

रोहिदास तोवर खोली सोडून गावाला गेला होता. फोन बंद. वर्गातल्या कुणाकडे नवा नंबर नव्हता, किंवा असला तरी त्यांनी दिला नाही. वर्ग आधी पाचांवर आला, मग दोघांवर, मग सरांनीच दाराला कडी लावली. गॅलरीतली पावलं मात्र वाढली. दुपारी सुद्धा. सुट्टीच्या दिवशी मी मोजायला बसलो आणि तीनशेच्या पुढे सोडून दिलं. ती फट्ट फट्ट आमच्या जेवणात, टीव्हीत, मुलीच्या अभ्यासात यायला लागली. दुकानदाराने स्कूटर लावताना एकदा मुद्दाम सॉरी म्हणून पाहिलं. सर नुसते बाजूला झाले. दुकानदार वर येऊन मला म्हणाला, "देवरेभाई, सरे पूछ्युं नहीं. कंईक करो." सरांनी विचारलं नाही, काहीतरी करा.

मी खाली गेलो. टेबलावर कागद होते, कोपऱ्यात आकडे घातलेले. एक ते सतरा. रोहिदासला लिहिलेली पत्रं. पहिलं दोन पानांचं होतं, पुढचं दीड, मग एक. सतराव्यावर एकच ओळ होती: चूक तुझी नव्हती, माझी होती.

"पाठवणार कुठे?" मी विचारलं.

"तेच." ते खिडकीशी गेले, दाराशी आले, पुन्हा खिडकीशी. "चाळीस वर्षं लोकांना विचारत आलो, कुठे दुखतंय. मजा वाटायची. त्या माणसाने खरं उत्तर दिलं आणि मी काय केलं? त्याचं शुद्धलेखन तपासलं."

चार महिन्यांनी आमच्या लोडिंगवाल्याकडून कळलं की रोहिदास परत आलाय. सामरवरणीला ठेकेदाराकडे पॅकिंगला लागलाय. पुढच्या रविवारी सकाळी मी सरांना स्कूटरवर मागे घेतलं. रस्ताभर त्यांचे गुडघे माझ्या कमरेला लागत होते, एवढे हलत होते. कुलूप त्या दिवशी त्यांनी पाचदा ओढलं.

दहा बाय दहाची खोली. तिघांचं सामान, दोघे कामावर. रोहिदास दारात कपडे पिळत होता. आम्हाला पाहून त्याच्या हातातला शर्ट तसाच राहिला. मग म्हणाला, "या सर. सॉरी हां, खुर्ची नाही."

मी सरांकडे पाहिलं. त्यांनी ते वाक्य उच्चारलं नाही. ते आत गेले आणि त्या एवढ्याशा जागेत चालायला लागले. चार पावलं, भिंत. चार पावलं, भिंत. रोहिदासने रंगाची रिकामी बादली उलटी ठेवली. "बसा ना सर." मी दाराजवळच उभा राहिलो. सरांनी खिशातून सतरावा कागद काढला, उघडला, घडी घातली, परत खिशात ठेवला.

"रोहिदास," ते म्हणाले, "कुठे दुखतंय?"

मी इतक्या वर्षांत ते वाक्य अशा आवाजात ऐकलं नव्हतं. रोहिदासने शर्ट दोरीवर टाकला. बराच वेळ तो त्याची कॉलर सरळ करत राहिला.

"कामाचं नाही सर. काम काय, हे आहेच. गावात सगळे म्हणतात, इंग्रजीत लिहायला गेला आणि घरी बसला. त्याचंही नाही." त्याने शर्टाची बाही पिळली. "पोर वाचत नाही आता. तिच्या मम्मीने रागात सांगून दिलं, तुझ्या धड्याने पप्पाची नोकरी गेली. मी फोन लावतो तर पहिलं विचारते, पप्पा, तुम्ही मशीनजवळ नाहीत ना? वाच म्हटलं की फोन मम्मीला देऊन देते. शाळेत पण वाचत नाही, बाई सांगत होत्या."

सर म्हणाले, "लाव फोन."

"सर, नको..."

"लाव."

रोहिदासने फोन लावला, मुलीला बोलावलं आणि सरांच्या हातात दिला. सरांनी तो दोन्ही हातांनी धरला.

"मी पप्पांचा मास्तर बोलतोय," ते म्हणाले. "ऐक. तुझ्या वाचण्याने काही झालेलं नाही. ते पत्र मी लिहायला लावलं होतं. देवरेकाका नको म्हणत होते, पप्पांना कळत नव्हतं, तरी मी लिहायला लावलं. चूक माझी आहे. तुझी नाही, पप्पांची नाही. कळलं?"

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. सर म्हणाले, "हो. मास्तरांच्याही होतात. मोठ्या होतात." मग, "आता मला वाचून दाखवशील? मी मशीनवर नाहीये. मी..." त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि त्या उलट्या बादलीवर बसले. "मी बसलोय."

खोलीत नळाच्या थेंबांचा आवाज होता. पुष्कळ वेळ तेवढाच होता. रोहिदास भिंतीकडे तोंड करून उभा होता. मग फोनमधून बारीक, अडखळता, एकेका शब्दाला पाय टेकत येणारा आवाज सुरू झाला. सर मान खाली घालून ऐकत होते. चपला जमिनीवर स्थिर. किती मिनिटं, ते मला सांगता येणार नाही. मी घड्याळ पाहिलं नाही.

निघताना रोहिदास मला स्कूटरजवळ हळूच म्हणाला, "सरांनी सॉरी नाही म्हटलं, भाऊ."

"नाही."

"बरं झालं. म्हटलं असतं तर मला 'इट्स ओके' म्हणावं लागलं असतं. आणि ओके कुठे आहे?" तो जरासा हसला. "पण पोचलं."

त्यानंतर दर रविवारी अकराला ती मुलगी सरांना फोनवर वाचून दाखवायची. त्या वेळेपुरती गॅलरी शांत असायची. बाकी वेळ पावलं होतीच. माणूस काही बदलत नाही. वर्ग पुन्हा भरला नाही. सर म्हणाले, "अजून नाही. अजून मला दुखतंय." रोहिदासला कंपनीने परत घेतलं नाही. तो अजून पॅकिंगलाच आहे.

गेल्या वर्षी सरांच्या छातीत कळ आली आणि मुलगा त्यांना पुण्याला न्यायला आला. रविवार होता. गाडीत सामान भरलं, डिक्शनरी सरांच्या मांडीवर. दुकानदार पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन उभा. रोहिदास सायकलवरून धापा टाकत आला. मुलगा म्हणाला, "बाबा, सगळे आलेत, निरोप घ्या." सरांनी काच खाली केली. फोन कानाला होता. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि एक बोट वर केलं: थांबा, वाचतेय.

आम्ही थांबलो. पण वापीच्या रस्त्याला पुढे गर्दी होते म्हणून मुलाने गाडी काढली. सर तसेच, मान किंचित कलती, बोट वर. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ते बोट खाली आलं नाही.

रोहिदास सायकलला टेकून उभा होता. "बघितलं का भाऊ," तो त्याच्या साक्रीकडच्या बोलीत म्हणाला, "बसेल आहेत सर."